बापाला पोराने कोयते करायला हवे होते, पोरगं चाकूवर अडून बसलं आणि घराण्याचं आडनाव थेट डिक्शनरीत गेलं

आपल्याकडे फोटोकॉपी कुणी म्हणत नाही, झेरॉक्स म्हणतात. वनस्पती तूप कुठल्याही कंपनीचं असो, आजीसाठी तो डालडाच. कंपनीचं नाव वस्तूला चिकटतं आणि मग वस्तूचं मूळ नाव लोक विसरून जातात.

फ्रान्समध्ये खिशातल्या घडीच्या चाकूचं असंच झालंय. लाकडी मूठ, एकच पातं, मानेशी लोखंडी कडी असलेला साधा चाकू दिसला की फ्रेंच माणूस त्याला ओपिनेल म्हणतो. १९८९ मध्ये लारूस या फ्रेंचमधल्या नावाजलेल्या डिक्शनरीने हा शब्द घेतला.

ओपिनेल हे एका लोहार घराण्याचं आडनाव. ज्याच्यामुळे ते डिक्शनरीत गेलं त्या गड्याचं नाव जोसेफ ओपिनेल. आणि गंमत अशी की चाकू करणं हे त्याचं कामच नव्हतं. काम संपल्यावर, रिकाम्या वेळात करायचा तो उद्योग होता. घरच्यांना तो फारसा पटलेलाही नव्हता.

तर सुरुवात करू आल्प्सच्या डोंगरातून.

फ्रान्सच्या पूर्वेला, इटलीच्या सीमेला लागून सावोआ नावाचा डोंगराळ प्रांत आहे. आज तो फ्रान्समध्ये असला तरी १८६० पर्यंत तो फ्रान्सचा नव्हता. सावोआचे ड्यूक पुढे राजे झाले आणि त्यांचा कारभार डोंगराच्या पलीकडून, इटलीतल्या तुरीन शहरातून चालायचा. १८६० मध्ये करार झाला, मतदान झालं आणि सावोआ फ्रान्सला जोडला गेला.

या प्रांतातल्या मोरिएन खोऱ्यात, सॅं-जाँ-द-मोरिएन गावाच्या वरच्या अंगाला अल्बिए-ल-व्ह्यू नावाचं गाव आहे. उंची दीड हजार मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याही वर. हिवाळ्यात सगळीकडे बर्फ. शेती बंद, गुरं गोठ्यात. मग माणसांनी करायचं काय? कुणी घरात बसून काहीतरी बनवायचं, कुणी पाठीवर पेटी टाकून गावोगाव विकायला निघायचं.

जोसेफचे आजोबा विक्टर-आमेदे हे असेच फेरीवाले. नाव मात्र राजेशाही, कारण विक्टर-आमेदे हे सावोआच्या राजघराण्यातलं नाव. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी घराशेजारी भट्टी लावली आणि खिळे बनवायला सुरुवात केली. त्यांचा मुलगा दानिएल आणखी पुढे गेला. जेव्हुदा या वाडीतल्या आपल्या कारखान्यात तो कुऱ्हाडी, कोयते, छाटणीची हत्यारं करायचा. पंचक्रोशीत त्याच्या हत्यारांना मान होता. धार टिकते म्हणून लोक लांबून यायचे.

या दानिएलच्या घरात १८७२ साली जोसेफचा जन्म झाला.

लोहाराचं पोर म्हटल्यावर रस्ता ठरलेलाच. भाता ओढायचा, घण उचलायचा, पोलादाला पाणी कसं द्यायचं ते बघून बघून शिकायचं आणि एक दिवस बापाच्या जागी ऐरणीसमोर उभं राहायचं. जोसेफ शिकला सगळं. पण गड्याचा जीव यंत्रांत अडकलेला. नवीन काही निघालंय असं कळलं की ते कसं चालतं हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही.

कॅमेऱ्याचंच घ्या. त्या काळात डोंगरातल्या वाडीत कॅमेरा ही अप्रूपाची गोष्ट होती. जोसेफने काय केलं, तर स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला. नुसता बनवून ठेवला नाही, आसपासच्या लग्नांचे आणि सणासमारंभांचे फोटो तोच काढायला लागला. थोडक्यात, पंचक्रोशीचा बिनसरकारी फोटोग्राफर.

कॅमेरा करणं म्हणजे तरी काय, प्रकाश आत येणार नाही इतकी घट्ट पेटी बांधणं. लाकूड अचूक कापायचं, सांधे बिनफटीचे जुळवायचे आणि हलणारे भाग न अडकता हलले पाहिजेत. हेच तीन गुण घडीच्या चाकूलाही लागतात.

आता तुम्ही म्हणाल, लोहाराच्या घरी चाकू करणं यात अवघड ते काय? जो माणूस कुऱ्हाड करतो त्याला चाकू म्हणजे डाव्या हातचा मळ.

साध्या चाकूच्या बाबतीत हे खरं आहे. एक पातं घडवा, त्याची शेपटी मुठीत घुसवा, पक्की करा, झाला चाकू. पण घडीचा चाकू ही वेगळीच भानगड आहे, कारण तो मिटतो. आणि मिटणारी कुठलीही वस्तू करायला घेतली की चुकायला हजार जागा तयार होतात.

हौसेने चाकू करणारी माणसं जगभर आहेत. त्यातल्या कुणालाही पहिल्या घडीच्या चाकूबद्दल विचारा, तो आधी हसेल. मुठीत पातं बसायला खाच पाडावी लागते. ती जराशी तिरकी गेली की मिटताना पातं एका बाजूला घासतं. खाच रुंद झाली तर पातं डुगडुगतं, अरुंद झाली तर उघडतच नाही. पातं ज्या खिळ्यावर फिरतं त्याचं भोक केसभर सरकलं, तर मिटल्यावर टोक बाहेर राहतं आणि खिशात हात घातला की बोटाला लागतं. खाच कमी खोल असेल तर धार तळाला आपटते आणि मिटवता मिटवताच बोथट होते.

एवढं सगळं जुळलं तरी मुख्य प्रश्न शिल्लक राहतो. उघडलेलं पातं उघडं राहायचं कशाच्या जोरावर?

त्या काळी याचं ठरलेलं उत्तर होतं, स्प्रिंग. मुठीच्या पाठीत पोलादाची एक ताठ पट्टी बसवायची. पातं उघडलं की ती त्याला मागून दाबून धरते. फ्रान्समधला लायोल नावाचा प्रसिद्ध चाकू याच पद्धतीचा. पण ती पट्टी करणं म्हणजे कौशल्याचं काम. पाणी जास्त झालं तर तुटते, कमी झालं तर वाकून बसते. शिवाय ती पात्याला तंतोतंत भिडावी म्हणून कानस घेऊन घासत बसावं लागतं. चाकू महाग होतो आणि दुरुस्तीला पुन्हा कारागीरच लागतो.

जोसेफने ती स्प्रिंगच काढून टाकली.

१८९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी त्याने चाकूचा जो आकार पक्का केला, त्यात मोजून चार भाग होते. एक पातं. एक लाकडाची गोल कातलेली मूठ, तीसुद्धा दोन फळ्या जोडून नाही, तर अख्ख्या एका तुकड्याची, समोरून करवतीने खाच पाडलेली. एक खिळा, ज्यावर पातं फिरणार. आणि मुठीच्या मानेवर पोलादाची एक पट्टी, खिळ्याच्या जोराने लाकूड चिरू नये म्हणून.

मग पातं जागेवर कसं राहायचं? तर दोन्ही बाजूंच्या लाकडाच्या दाबाने. खाच इतकी नेमकी पाडायची की लाकूड पात्याला हलकं आवळून धरेल. बास. लपवलेलं काही नाही. चाकू हातात घेतला की तो कसा चालतो हे शाळकरी पोरालाही दिसतं.

मुठीला मधे किंचित फुगवटा आणि शेवटाला हलका बाक, त्यामुळे ती मुठीत आपसूक बसते. पात्याचं टोक थोडं वर उचललेलं, तुर्की यातागान तलवारीची आठवण करून देणारं. पात्यावर नख अडकवायला एक छोटी खाच. पातं कार्बन पोलादाचं, म्हणजे धार झकास लागते, पण ओलं ठेवलं की गंजतं. वापरून झालं की पुसायचं हा नियमच.

हे चाकू पहिल्यांदा गेले कुणाकडे? तर मित्रांकडे. जोसेफ फावल्या वेळात एकेक चाकू करायचा आणि ओळखीपाळखीत द्यायचा. त्या डोंगरातल्या माणसाला खिशात चाकू लागायचाच. पाव कापायचा, चीजचा तुकडा पाडायचा, सॉसेज चिरायचं, काठी तासायची, दोर तोडायचा. जेवायला बसल्यावर आपापला चाकू खिशातून काढायचा ही तिथली रीत.

वडिलांना मात्र हे पटेना. कुटुंबाच्या आणि कंपनीच्या इतिहासात हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे की जोसेफने चाकूंचा नाद वडिलांच्या मताविरुद्ध जाऊन केला.

आता इथे दानिएलला खलनायक करून टाकणं सोपं आहे. पण जरा त्याच्या बाजूनेही बघा. दोन पिढ्यांनी खिळ्यांपासून सुरुवात करून हत्यारांत नाव कमावलेलं. कोयता हे शेतकऱ्याचं पोटापाण्याचं साधन, त्याला गिऱ्हाईक कायम. खिशातला चाकू काय, कुणीही करतं. फ्रान्समध्ये तिएर नावाचं अख्खं शहर शेकडो वर्षांपासून चाकूंवर जगत होतं. त्यांच्यापुढे डोंगरातल्या वाडीतल्या अठरा वर्षांच्या पोराचा काय टिकाव लागणार? धंद्याचा विचार करणारा कुठलाही बाप हेच बोलला असता.

फक्त एक गोष्ट त्याच्या हिशेबात नव्हती. तिएरचे कारागीर जे कौशल्याने करायचे, ते कौशल्य लागूच नये असा चाकू पोराने केला होता. आणि ज्या वस्तूला कौशल्य कमी लागतं, ती यंत्रावर करता येते.

मित्रांकडचे चाकू बघून मित्रांचे मित्र मागायला लागले. मागणी वाढली तशी घरची भट्टी हळूहळू चाकूंकडे वळली. १८९७ मध्ये जोसेफने आणखी एक डोकं लावलं. एकाच चाकूच्या बारा मापांची मालिका काढली आणि त्यांना सरळ १ ते १२ नंबर दिले. चपलेचा नंबर सांगतो तसा चाकूचा नंबर सांगायचा. १ नंबर इतका चिमुकला की किल्ल्यांच्या जुडग्याला लावता यावा, १२ नंबरचं पातं १२ सेंटिमीटरचं. पुढे १९३५ च्या सुमाराला दोन नंबर बंद झाले. १ नंबर कामाला फारच छोटा पडायचा आणि ११ नंबर १० आणि १२ च्या मधे उगाच अडकल्यासारखा होता. बाकीचे नंबर आजही दुकानात मिळतात. सगळ्यात जास्त नाव झालं ते ८ नंबरचं, ज्याचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं असतं.

१९०१ मध्ये जोसेफने पाँ-द-जेव्हुदा इथे पहिला कारखाना उभा करायला घेतला. तेव्हा त्याचं वय एकोणतीस. इथे त्याचं यंत्रवेड कामाला आलं. चाकूत सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे मूठ. हाताने एकेक मूठ कातत बसलं तर दिवसाला किती होणार? जोसेफने मुठी करण्यासाठी स्वतःच यंत्र बनवलं. लाकूड आत, एकसारख्या मुठी बाहेर. स्प्रिंगची पट्टी असती तर हे जमलंच नसतं. एका तुकड्याची गोल मूठ होती म्हणूनच ती यंत्रावर गेली.

माल तयार झाला, पण डोंगरातून खाली कसा जाणार? आजोबांचाच मार्ग कामी आला. फेरीवाल्यांनी पेट्यांमधून ओपिनेल गावोगाव नेले. शिवाय सावोआची राजधानी शाम्बेरी, तिथल्या रेल्वे स्टेशनजवळ कंपनीने एक छोटं दुकान टाकलं.

ही जागा फार हुशारीने निवडली होती. शाम्बेरीवरून पीएलएम रेल्वे जायची, म्हणजे पॅरिसपासून ल्योंमार्गे भूमध्य समुद्रापर्यंत जाळं असलेली कंपनी. स्टेशनवर उतरणारे रेल्वे कामगार स्वस्तातला चाकू खिशात टाकायचे आणि ड्यूटीवर जिथे जातील तिथे डबा उघडताना तो बाहेर काढायचे. जाहिरातीवर पैसा न घालता ओपिनेल फ्रान्सभर पोचला तो असा. आजच्या भाषेत सांगायचं तर इन्फ्लुएन्सर, फक्त कोळशाने माखलेले.

नाव होतं तिथे नकला येतात, त्यामुळे १९०९ मध्ये जोसेफने आपला ट्रेडमार्क नोंदवला. फ्रान्समध्ये चाकू कारागिराने आपल्या मालावर स्वतःचं चिन्ह टाकायचं ही जुनी पद्धत, नवव्या चार्ल्स राजाने १५६५ साली तसा हुकूमच काढला होता. जोसेफने निवडलं मुकुट घातलेलं हाताचं चिन्ह. आशीर्वादासाठी बोटं उचललेला हा हात सॅं-जाँ-द-मोरिएनच्या नगरचिन्हावरचा. संत जॉन बाप्टिस्ट यांच्या बोटांचे अवशेष त्या गावात आहेत अशी शतकानुशतकांची श्रद्धा आहे आणि गावाचं नावही त्यांचंच. वरचा मुकुट सावोआच्या जुन्या ड्यूकपणाची खूण. तोच हात आजही प्रत्येक पात्यावर असतो.

दोन वर्षांनी, १९११ मध्ये, तुरीनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ओपिनेलला सुवर्णपदक मिळालं. ज्या शहरातून कधीकाळी सावोआवर राज्य चालायचं, त्याच शहरात.

पहिल्या महायुद्धाच्या काळात डोंगरातली जागा अपुरी पडायला लागली आणि कारभार खाली, शाम्बेरीजवळच्या कोन्याँ गावी हलू लागला. १९२० पर्यंत तिथे बस्तान बसलं. जोसेफची मुलं मार्सेल आणि लेऑनही धंद्यात आली.

आणि १९२६ मध्ये कोन्याँच्या कारखान्याला आग लागली.

लाकडाचा साठा, भुसा, तेल. अशा जागेत आग लागल्यावर काय होतं हे वेगळं सांगायला नको. कारखाना गेला. जोसेफ तेव्हा चोपन्न वर्षांचा होता. त्याने तिथेच पुन्हा बांधला, आणि बांधायचाच आहे तर जुन्यासारखा कशाला म्हणून नव्या यंत्रांनिशी, जास्त उत्पादन होईल असा. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत विकलेल्या ओपिनेलचा आकडा सुमारे २ कोटींवर गेला होता.

इथपर्यंत सगळं गोडगोड वाटतं. पण या चाकूत पहिल्या दिवसापासून एक खोट होती.

स्प्रिंग काढली तेव्हा तिचं काम लाकडावर सोपवलं. आणि लाकूड हवामानाप्रमाणे वागतं. पावसात, दमट हवेत ते फुगतं आणि पातं खाचेत असं अडकतं की नख तुटेल पण पातं हलत नाही. सावोआच्या लोकांनी यावर एक युक्ती काढली. मिटलेला चाकू धरायचा, मुठीचं मागचं टोक टेबलावर टक्कन आपटायचं, की पातं आपोआप थोडं बाहेर येतं. याला तिथे सावोआवाल्याचा ठोका अशा अर्थाचं नावच पडलंय.

अडकण्यावर ठोका चालला. पण उलटं झालं तर? चाकू जुना होतो, लाकूड सुकतं, पकड सैल पडते. अशा चाकूने काही भोसकून कापायला गेलं आणि जोर चुकीच्या बाजूने पडला, तर पातं मिटतं. आणि मिटताना खाचेसमोर असतात धरणाऱ्याची बोटं. घडीच्या चाकूतली सगळ्यात जुनी भीती हीच. स्प्रिंगच्या पट्टीने निदान थोडा विरोध तरी केला असता.

म्हणजे जोसेफने स्वस्त आणि सोपा चाकू दिला, पण त्याची किंमत कधीकधी वापरणाऱ्याच्या बोटांनी मोजली. ही खोट पासष्ट वर्षं तशीच राहिली. एवढा यंत्रवेडा माणूस, स्वतःचा कॅमेरा आणि स्वतःची यंत्रं करणारा, आणि हे काही त्याच्या हातून सुटलं नाही.

ते सोडवलं मुलाने. १९५५ मध्ये मार्सेलने मानेवरच्या पोलादी पट्टीवर आणखी एक कडी बसवली. ही कडी गोल फिरते आणि तिला एका ठिकाणी फट आहे. फट खाचेसमोर असली की पातं मोकळं. पातं उघडून कडी बोटाने थोडी फिरवली की फट बाजूला जाते, कडीचा भरीव भाग पात्याच्या मागे आडवा येतो आणि पातं मिटूच शकत नाही. नाव दिलं व्हिरोब्लॉक. ६ नंबरपासून वरच्या सगळ्या चाकूंना ती लागली. छोट्यांना गरज नव्हती, म्हणून ते आजही बिनकडीचे आहेत.

बघा, मार्सेलनेही स्प्रिंग परत आणली नाही. चाराचे पाच भाग झाले, आणि पाचवा भागही असा की कसा चालतो ते बघताक्षणी कळावं. बापाचा चाकू दुरुस्त करायचा तर बापाच्याच पद्धतीने. मुलाच्या चाकूंना नाक मुरडणारे दानिएल आणि बापाच्या चाकूला कडी लावणारा मार्सेल, या दोघांच्या मधे जोसेफ. ही कडी आली तेव्हा तो त्र्याऐंशी वर्षांचा होता.

१९६० मध्ये जोसेफ ओपिनेल गेला. त्याने आकार पक्का केला त्याला तेव्हा सत्तर वर्षं झाली होती आणि आकार जवळपास तोच होता.

नंतरचं कौतुक त्याने पाहिलं नाही. १९८५ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने जगातल्या शंभर देखण्या वस्तू निवडल्या, त्यात पोर्श ९११ गाडीच्या पंगतीला हा लाकडी मुठीचा चाकू बसला. चार वर्षांनी लारूसचा मान मिळाला. त्याच सुमाराला सॅं-जाँ-द-मोरिएनमध्ये ओपिनेलचं म्युझियम सुरू झालं. २००० मध्ये व्हिरोब्लॉकमध्ये सुधारणा होऊन मिटलेलं पातंही लॉक करता यायला लागलं, म्हणजे खिशात चुकून उघडायची भीती गेली.

लाकूड मात्र अजूनही फुगतं. आजही बहुतेक मुठी बीच झाडाच्या लाकडाच्या असतात आणि पावसात भिजलेला ओपिनेल आजही नखाने उघडत नाही. तेव्हा कडी फिरवून मोकळी करायची, मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर धरायचं आणि एक ठोका द्यायचा.